डबा टीव्हीच्या आडव्या रेघा व्हिडिओत आणायच्या कशा: नवख्या एडिटरांसाठी स्कॅनलाइनची पायरीवार कृती

गोदाघाटाचा शॉट आहे, त्यावर सॉफ्टवेअरमधला तयार ‘रेट्रो’ इफेक्ट टाकलाय, लॅपटॉपवर झकास दिसतंय. मोबाइलवर चढवलं की त्याच चित्रावर जाड-बारीक पट्ट्यांची जाळी नाचायला लागते आणि घाटाच्या पायऱ्या सापासारख्या वळवळतात. कॉलेज रोडच्या कॅफेसाठी रील करणारे असोत, की लग्नाचे व्हिडिओ कापणारे, पहिल्यांदा स्कॅनलाइन वापरताना बहुतेक जण इथेच अडकतात. यात इफेक्टचा दोष फारसा नसतो. रेघा मोजून टाकलेल्या नसतात, एवढंच.

खालची कृती डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत होते. प्रीमियर प्रो, केडेनलाइव्ह किंवा लेयरला ब्लेंडिंग देणाऱ्या मोबाइल ॲपमध्येही तत्त्व तेच. मेनूतली जागा तेवढी बदलते.

काय काय लागेल

- एडिटिंग सॉफ्टवेअर, ज्यात वरच्या लेयरला ‘मल्टिप्लाय’, ‘स्क्रीन’ आणि ‘कलर’ हे ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा, त्या पद्धती) देता येतात
- रेघांचं चित्र बनवायला जिंप (मोफत) किंवा फोटोशॉप
- १० सेकंदांची चाचणी क्लिप: तिच्यात आडव्या कडा, काळोखा भाग, लख्ख उजेड आणि मराठी अक्षरं, चारही हवीत. घाटाच्या पायऱ्या, काळाराम मंदिराचा काळा पाषाण, पाण्यावरचं ऊन आणि वर एक शीर्षक, एवढ्यात काम भागतं
- तयार फाइल तपासायला दोन वेगवेगळे मोबाइल, त्यातला एक स्वस्तातला

जुना चालू डबा टीव्ही कुणाच्या घरी किंवा दुरुस्तीच्या दुकानात बघायला मिळाला तर उत्तम. जवळ जाऊन बघा, फोटो घ्या. पण मागचं झाकण उघडू नका. रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये २० हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ साठून राहतो.

१. आधी ठरवा: कुठल्या काळातला, कुठला पडदा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग ‘काहीतरी खोटं वाटतंय’ म्हणून रेघा आणखी गडद करत बसतात.

आपल्याकडचं दूरदर्शनचं प्रक्षेपण पाल पद्धतीचं होतं. एकूण ६२५ ओळी, त्यातल्या ५७६ चित्राच्या. सेकंदाला २५ पूर्ण चित्रं. पण एक चित्र एका दमात उमटत नसे. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या, अशी सेकंदाला ५० अर्धी चित्रं. मधल्या जागा लगेच भरल्या जात असल्यामुळे मालिका किंवा बातम्या बघताना काळ्या रेघा ठळक दिसतच नसत. जवळ गेलं तर बारीक पोत दिसे, इतकंच.

ठळक काळ्या रेघा दिसत त्या व्हिडिओ गेममध्ये. जुने गेम एकाआड एक ओळी बदलत नसत. प्रत्येक वेळी त्याच ओळींवर चित्र काढत, मधल्या ओळी कायम रिकाम्या. म्हणून साधारण २४० ओळींचं चित्र आणि प्रत्येक ओळीखाली एक काळी फट. आज ‘रेट्रो’ म्हणून जो इफेक्ट विकला जातो तो मुख्यतः या गेमचा आहे, आपल्या आजीच्या घरातल्या टीव्हीचा नाही.

तेव्हा तीनपैकी एक निवडा:

- मालिका-बातम्यांचा टीव्ही: बारीक, फिक्या रेघा, रंग किंचित ओघळलेले
- गेमचा पडदा: जाड, स्पष्ट रेघा, चौकोनी पिक्सेल
- टीव्हीसमोर कॅमेरा धरून केलेलं चित्रण: रेघा, शिवाय हळूहळू सरकणारा आडवा पट्टा

काळही तपासा. २००३च्या सिंहस्थाची आठवण दाखवायची असेल तर डबा टीव्ही शोभतो, तेव्हा घरोघरी तोच होता. २०१५च्या सिंहस्थावर रेघा टाकल्या तर जाणकार हसतील. आणि दादासाहेब फाळक्यांवर काही करत असाल तर स्कॅनलाइनला हातच लावू नका. त्र्यंबकेश्वरला १८७०मध्ये जन्मलेले फाळके १९४४मध्ये नाशिकला वारले; भारतात टीव्ही आला १९५९मध्ये, मुंबई केंद्र सुरू झालं १९७२मध्ये. मूकपटाच्या फितीवर ओरखडे असतात, धूळ असते, उजेड कमी-जास्त होतो, दाणे दिसतात. आडव्या रेघा नसतात. पांडवलेणीच्या पायथ्याच्या फाळके स्मारकावर रील करून त्यावर स्कॅनलाइन लावणं म्हणजे पेशव्याच्या हातात मोबाइल देणं.

२. रेघांचा हिशोब

या कामाचं मर्म इथे आहे, म्हणून घाई करू नका.

एक उजळ ओळ आणि तिच्याखालची फट मिळून एक ‘घर’ धरा. हे घर पूर्ण पिक्सेलांचं असलंच पाहिजे: ३, ४, ६ असं. साडेचार पिक्सेलांचं घर पडद्यावर काढता येत नाही. सॉफ्टवेअर मग कुठे ४, कुठे ५ पिक्सेल घेतं आणि त्या फरकाचीच जाड-बारीक जाळी दिसते. त्यालाच मॉइरे म्हणतात.

गेमच्या २४० ओळी १०८०च्या (म्हणजे १०८० पिक्सेल उंचीच्या) फ्रेममध्ये बसवा: १०८० भागिले २४० म्हणजे ४.५. बसत नाही. म्हणून ‘अस्सल २४०’ हा हट्ट १०८०च्या टाइमलाइनवर सोडून द्यायचा.

पण एवढ्यावर भागत नाही. तुमची १०८०ची फाइल समोरचा माणूस ७२०मध्ये किंवा ४८०मध्ये बघू शकतो. नेट मंद असेल तर यूट्यूब स्वतःच खाली उतरतं. तिथेही भागाकार पूर्ण सुटायला हवा. वेगवेगळ्या ओळसंख्या तपासल्या तर चित्र असं दिसतं:

- २७० ओळी: १०८०मध्ये ४ पिक्सेलांचं घर, २१६०मध्ये ८. सुंदर. पण ७२०मध्ये २.६७, म्हणजे जाळी. फक्त थेट १०८०च्या पडद्यावर लावायचं असेल तेव्हाच वापरा.
- ३६० ओळी: १०८०मध्ये ३, ७२०मध्ये २, १४४०मध्ये ४, २१६०मध्ये ६. सगळीकडे पूर्ण. ३६०च्या दर्जात रेघा पुसल्या जातात, पण सगळ्या सारख्याच पुसल्या जातात, त्यामुळे जाळी उठत नाही.
- १८० ओळी: १०८०मध्ये ६, ७२०मध्ये ४, ३६०मध्ये २. जाड, मोबाइलवर टिकणारी.
- २४० ओळी: ७२०मध्ये ३, ४८०मध्ये २, २१६०मध्ये ९, फक्त १०८०मध्येच घोटाळा. आणि आपली मूळ फाइलच १०८०ची.

४८०च्या दर्जात ३६० आणि १८० दोन्ही मार खातात. त्याला इलाज म्हणजे १२० ओळी, पण त्या खिडकीच्या गजांसारख्या दिसतात. ते नुकसान सोसा.

माझं मत सरळ आहे: टीव्हीच्या रूपासाठी ३६०, गेमच्या रूपासाठी १८०. बाकीचे आकडे खास कामासाठी.

३. रेघांचं चित्र बनवा

तयार इफेक्ट का नको? रिझॉल्व्हमध्ये स्टायलाइज गटात ‘स्कॅनलाइन्स’ आहे, प्रीमियरमध्ये काळ्या मॅटवर ‘व्हेनिशियन ब्लाइंड्स’ लावून दिशा ९० अंश केली की पट्ट्या पडतात. दोन्ही चालतात. पण प्रत्येक ओळ नेमकी किती गडद हे तिथे पूर्णपणे हाती राहत नाही. स्वतःच्या चित्रात घराचा आकार आणि गडदपणा दोन्ही तुमच्या ताब्यात. (रिझॉल्व्हमध्ये एखादा इफेक्ट टाकताच वॉटरमार्क उमटला तर तो पैसे मोजून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीतला समजा.)

जिंपमध्ये:

१) टीव्हीच्या रूपासाठी ३ × ३ पिक्सेलांची नवी फाइल उघडा, भरपूर झूम करा. पेन्सिल घ्या, ब्रश नाही; ब्रशच्या कडा पसरतात. आकार १ पिक्सेल.

२) वरच्या दोन ओळी शुभ्र (२५५), तिसरी राखाडी (१०२). लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे सारखेच ठेवा, नाहीतर रंगाची झाक येते.

३) गेमच्या रूपासाठी ६ × ६ची फाइल. वरून खाली: १२८, २१७, २५५, २१७, १२८, ५१. ओळीचा मध्य सर्वांत उजळ आणि कडेला उतरता, कारण ट्यूबमधला किरण मधोमध सर्वांत प्रखर असे. सरळ काळी-पांढरी पट्टी केलीत तर ती छापल्यासारखी दिसते.

४) फिल्टर्समध्ये मॅप, त्यात टाइल. आकार १९२० × १०८०.

५) पीएनजी म्हणून एक्स्पोर्ट करा. जेपीजी कधीच नाही. जेपीजी अशा बारीक रेघांभोवती मळकट डाग उठवते.

४. टाइमलाइन

१९२० × १०८०, सेकंदाला २५ फ्रेम. क्लिप टाकण्याआधीच फ्रेम रेट लावा. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनवर माल आल्यावर तो बदलता येत नाही. मोबाइलवर ३० फ्रेमने शूट केलेलं २५मध्ये ओढलं की हालचाल अडखळते, म्हणून शूटच २५ने करा. स्टुडिओतल्या थेट कार्यक्रमाची गुळगुळीत हालचाल हवी असेल, किंवा गेमची, तर शूट आणि टाइमलाइन दोन्ही ५०.

डबा टीव्हीचा पडदा ४:३. म्हणजे चित्र १४४० × १०८०, दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलांचा काळा भाग. ज्यांना काळे पट्टे आवडत नाहीत ते १६:९ भरून टाकतात आणि तिथेच अर्धा परिणाम घालवतात.

५. मूळ चित्र आधी मऊ करा

घाटाच्या पायऱ्या वळवळतात त्याचं कारण इथलं. मोबाइलच्या चित्रात बारीकसारीक आडव्या कडा असतात. त्यांच्यावर तुमच्या आडव्या रेघा पडल्या की दोन जाळ्या एकमेकींवर घासतात. द्राक्षबागेचा वरून घेतलेला ड्रोन शॉट, पत्र्याची पन्हळी, दुकानाचं शटर, सगळीकडे हाच त्रास. जुन्या टीव्हीला इतका तपशील माहीतच नव्हता. तो आधी काढून टाका.

झटपट मार्ग: गॉशियन ब्लर, फक्त उभ्या दिशेने. पायऱ्यांच्या कडा विरघळतील इतका, चेहरे पुसट होतील इतका नाही.

नीट मार्ग: संपादित क्लिप आधी लहान एक्स्पोर्ट करा आणि परत आणून मोठी करा. टीव्हीसाठी ४८० × ३६०. तिप्पट केली की नेमकी १४४० × १०८०. गेमसाठी २४० × १८०, सहापट. पूर्ण रुंदीचा गेम हवा तर ३२० × १८०. गेमच्या वेळी मोठं करण्याचा फिल्टर ‘निअरेस्ट नेबर’ ठेवा, म्हणजे पिक्सेल चौकोनी राहतील. टीव्हीच्या वेळी नेहमीचाच.

आता रंग. पाल प्रक्षेपणात उजेड-अंधाराला सुमारे ५ मेगाहर्ट्झची जागा मिळे, रंगाला त्याच्या साधारण पाव. म्हणून कडा बऱ्यापैकी स्पष्ट असत, पण लाल साडीचा रंग कडेबाहेर सांडे. हे करायला क्लिपची प्रत वरच्या ट्रॅकवर ठेवा, ब्लेंड मोड ‘कलर’, आणि त्या प्रतीला फक्त आडव्या दिशेने ८ ते १० पिक्सेल ब्लर. खालची क्लिप तशीच.

मुंग्या (खराब सिग्नलचे लुकलुकते ठिपके) हव्या असतील तर त्याही इथेच, रेघांच्या खाली. मुंग्या सिग्नलमधून येत आणि पडदा त्यांना ओळींतच दाखवी. रेघांवरून पसरलेल्या मुंग्या दिसल्या की नकली काम लगेच ओळखू येतं. प्रमाण अगदी कमी ठेवा. जास्त मुंग्या टाकल्या की एक्स्पोर्ट करताना सगळा बिटरेट (दर सेकंदाला मिळणारा डेटा) त्याच खातात आणि चेहऱ्यांचे चौकोन होतात.

६. रेघा चढवा

पीएनजी सर्वांत वरच्या ट्रॅकवर, क्लिपच्या शेवटापर्यंत ओढा. इन्स्पेक्टरमध्ये कंपोझिट मोड ‘मल्टिप्लाय’. प्रीमियरमध्ये हीच सोय इफेक्ट कंट्रोल्सच्या ओपॅसिटीखाली ब्लेंड मोडमध्ये आहे. झूम १.००, स्थान शून्य-शून्य. ही पीएनजी पाव टक्कासुद्धा लहान-मोठी करायची नाही, फिरवायची नाही. रेघा जास्त वाटल्या तर ओपॅसिटी कमी करा. आकाराला हात लावू नका.

आणि एक मोठा सापळा: एडिटरच्या खिडकीत जाळी दिसली म्हणून घाबरू नका. खिडकी चित्र लहान करून दाखवते, तिथे भागाकार बिघडतो, फाइलमध्ये नाही. व्ह्यूअर १०० टक्के करा. प्लेबॅकचा दर्जा हाफ किंवा क्वार्टर असेल तर फुल करा. विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १२५ टक्के असलं तरी हेच होतं. हे तिन्ही तपासल्याशिवाय रेघांचे आकडे बदलत बसू नका.

काळ्या भागात रेघा दिसतच नाहीत? काळ्याला कशानेही गुणलं तरी काळंच. काळाराम मंदिराच्या भिंतीवर रेघा हव्या असतील तर मूळ क्लिपचा काळा रंग ६ ते ८ टक्के वर उचला. तसाही डबा टीव्हीचा पडदा कधी काळाकुट्ट नसे. खोलीतल्या उजेडात तो राखाडीच दिसे.

७. गेलेला उजेड परत आणा

३ पिक्सेलांच्या चित्राने सरासरी उजेड ८० टक्क्यांवर येतो, ६ पिक्सेलांच्या चित्राने ६५वर. नवखे लोक गेन दीडपट करतात आणि आकाश करपवतात. त्याऐवजी मधले टोन उचला, म्हणजे गॅमा. पांढऱ्याला धक्का नको. साधारण १.२ ते १.३ पुरे.

उरलेला उजेड चकाकीतून येऊ द्या. खऱ्या पडद्यावर उजळ ओळ फुगून जाड होई आणि शेजारची फट भरून काढी; म्हणून पांढऱ्या शर्टावर रेघा जवळजवळ नाहीशा होत आणि सावलीत स्पष्ट दिसत. मल्टिप्लाय हे करत नाही. तेव्हा क्लिप आणि रेघा मिळून एक कंपाउंड क्लिप करा (प्रीमियरमध्ये नेस्ट), तिची प्रत वर ठेवा, १२ ते २० पिक्सेल ब्लर, ब्लेंड मोड ‘स्क्रीन’, ओपॅसिटी २० ते २५ टक्के. या एका थराने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या प्लगइननेही पडत नाही.

८. मराठी अक्षरं: शिरोरेषा सांभाळा

इंग्रजी शिकवण्यांमध्ये ही पायरी सापडणार नाही, कारण त्यांच्या अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. आपली शिरोरेषा स्वतःच एक आडवी रेघ. ती बारीक असली आणि नेमकी गडद ओळीवर पडली, तर शब्दाचं छप्पर उडतं. उकार आणि रफार तुटतात ते वेगळंच.

नियम असा ठेवा: शिरोरेषेची जाडी किमान दोन घरांची. ३ पिक्सेलांच्या रेघांसाठी ६ पिक्सेल, ६च्या रेघांसाठी १२. मुक्ता किंवा बालू या फॉन्टची जाड वजनं घ्या. बारीक वजनं इथे कामाची नाहीत. शीर्षक रेघांच्या लेयरखालीच ठेवा, मग एकेक पिक्सेल खाली-वर सरकवत शिरोरेषा सर्वांत उजळ कुठे दिसते ते बघा. घराएवढे पिक्सेल सरकवून झाले की पुन्हा तेच चित्र येतं, म्हणजे तीन किंवा सहा जागाच तपासायच्या आहेत.

खालून वर सरकणारी श्रेयनामावली असेल तर वेगाचाही हिशोब आला. फ्रेममागे एक पिक्सेल अशा वेगाने सरकवली तर शिरोरेषा कधी उजळ ओळीवर, कधी गडद ओळीवर येते आणि नावं लुकलुकतात. फ्रेममागे एक पूर्ण घर सरकवा. २५ फ्रेमला ३ पिक्सेलांचं घर म्हणजे सेकंदाला ७५ पिक्सेल; १०८०ची उंची पार करायला १४.४ सेकंद. ६च्या घराला सेकंदाला १५०, म्हणजे ७.२ सेकंद. की-फ्रेम लावताना ‘ईझ’ बंद, सरळ रेषीय हालचाल.

लहान अक्षरांना भडक लाल देऊ नका, ओघळतो. पांढरा किंवा पिवळा.

९. फुगीर काच, सरकता पट्टा वगैरे

नसलं तरी चालतं. करायचंच असेल तर क्रम पाळा: आधी रेघा, मग काचेची फुगवट, शेवटी कडांचा अंधार. रेघाही काचेबरोबर वाकायला हव्यात.

फुगवटीने घरांचे पूर्ण आकडे बिघडतात आणि कोपऱ्यांत गोल जाळी उठते. उपाय एकच: २१६०च्या टाइमलाइनवर जाड घरं घ्या (३६० ओळींना ६, १८०ला १२), तिथे वाकवा आणि शेवटी १०८०ला उतरवा. तेवढं दमदार ग्राफिक कार्ड नसेल तर फुगवट सोडून द्या.

सरकता पट्टा फक्त ‘टीव्हीसमोर कॅमेरा’ या रूपात. सुमारे २५० पिक्सेल उंचीचा, कडा विरघळलेला काळा पट्टा, ओपॅसिटी ८ ते १० टक्के, पाचेक सेकंदांत वरून खाली.

पडदा लुकलुकवायचा मोह होतो. २-३ टक्क्यांपलीकडे जाऊ नका आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त ठळक झगमगाट तर नकोच. अपस्मार असलेल्या प्रेक्षकाला त्याने झटका येऊ शकतो.

लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची जाळी: बहुतेक वेळा वाया जाते. नेहमीच्या व्हिडिओ फाइलमध्ये रंगाचा तपशील आडवा-उभा निम्माच साठवला जातो, त्यामुळे एकेक पिक्सेलाचे रंगीत ठिपके राखाडी होऊन बसतात. करायचीच तर प्रत्येक रंगाला किमान २ पिक्सेल रुंदी द्या.

१०. एक्स्पोर्ट, जिथे दाखवायचं तिथल्या हिशोबाने

*यूट्यूब.* १०८०च्या २५ फ्रेमच्या व्हिडिओला यूट्यूब ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) बिटरेट सुचवतं. रेघांच्या चित्राला ते तोकडं पडतं, कारण इथे प्रत्येक तिसऱ्या पिक्सेलवर एक कडा आहे. २० ते २५ द्या. त्याहून चांगलं म्हणजे ३८४० × २१६०च्या टाइमलाइनवर ६ पिक्सेलांचं घर घेऊन ३५ ते ४५ एमबीपीएसने चढवणं. मोफत रिझॉल्व्हला एवढा आकार जमतो. रेघांचं चित्रही मग ३८४० × २१६०चंच टाइल करून घ्या.

*रील.* १०८० × १९२०च्या उभ्या फ्रेममध्ये ४:३चं चित्र १०८० × ८१० बसतं. ८१०ला ३ने भागलं तर २७० ओळी, ६ने भागलं तर १३५. मोबाइलवर १३५च घ्या. आकडा ऐकून जाड वाटतं, पण हातातल्या पडद्यावर २७० ओळींचा नुसता धूसर पडदा होतो. ७२० रुंदीच्या स्वस्त मोबाइलवर ६चं घर बरोबर ४चं होतं, तेही सुटतं.

*व्हॉट्सॲप.* ग्राहकाला नमुना पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो लहान होऊन पोहोचतो आणि ‘रेघा वाकड्या का आल्या’ असा फोन येतो.

*एलईडी वॉल.* गणपती मंडळ किंवा रंगमंचावरचा कार्यक्रम असेल तर भिंतीचे पिक्सेल किती ते ऑपरेटरला आधी विचारा. ३.९१ मिलिमीटर पिचच्या (शेजारच्या दोन पिक्सेलांमधलं अंतर), ५०० × ५०० मिलिमीटरच्या एका पॅनेलमध्ये १२८ × १२८ पिक्सेल असतात. तीन मीटर उंच भिंत म्हणजे सहा पॅनेल, ७६८ पिक्सेल. तिच्यावर १०८०ची फाइल लावली की ती आक्रसते आणि रेघांचा चिखल होतो. फाइलच ७६८ उंचीची करा, ४चं घर घ्या (१७९, २५५, १७९, ७७), म्हणजे १९२ ओळी नीट बसतील. ऑपरेटरच्या प्रोसेसरमध्ये स्केलिंग बंद आहे ना, तेही विचारून घ्या.

११. बिघडलं तर कुठे बघायचं

- संपूर्ण चित्रावर लाटांसारखी जाळी: पीएनजीचा झूम १.०० नाही, किंवा घर पूर्ण पिक्सेलांचं नाही.
- फक्त पायऱ्यांवर, जाळीदार खिडक्यांवर वळवळ: पाचव्या पायरीतला उभा ब्लर कमी पडला.
- फक्त कोपऱ्यांत गोल जाळी: काचेची फुगवट.
- एडिटरमध्ये ठीक, यूट्यूबवर खराब: चढवल्यावर लगेच बघितलंत का? मोठा दर्जा तयार व्हायला वेळ लागतो. तोवर लहान दर्जाच दिसतो. थांबा, मग दर्जा हाताने १०८० करून बघा.
- रेघा एकदम गायब: ॲपने चित्र फार आक्रसलं. ३चं घर सोडून ६चं घ्या.
- चेहरे मळकट, चौकोन-चौकोन: बिटरेट वाढवा, तरी न सुटलं तर मुंग्या निम्म्या करा.
- हलणाऱ्या माणसाच्या कडांना कंगव्यासारखे दात: जुन्या हँडीकॅमच्या फितीवरून घेतलेली क्लिप एकाआड एक ओळींची आहे. रेघा चढवण्याआधी ती डीइंटरलेस करा, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करून घ्या. पाल फितीत पंचवीस फ्रेममध्ये पन्नास अर्धी चित्रं असतात. ५०च्या टाइमलाइनवर ती सगळी उलगडता आली तर हालचाल अगदी तेव्हाच्यासारखी दिसते.